वेताळ, ड्रॅक्युला आणि तळघराचं दार



इतिहासाच्या व्याख्यानात भुताचा सिनेमा कशाला, असं आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देऊ. जमिनीचे व्यवहार दप्तरात सापडतात. लढाया, तह, दुष्काळ, पटकीच्या साथी, सगळ्यांची कुठे ना कुठे नोंद असते. पण माणसं रात्री कशाला भीत होती, याची नोंद कोणतंही सरकार ठेवत नाही. ती गोष्टींत राहते, आणि विसाव्या शतकात ती सिनेमात राहिली. एखाद्या काळातल्या माणसांनी आपला राक्षस कुठे राहतो असं मानलं, एवढं जरी नीट पाहिलं तरी त्या समाजाबद्दल पुष्कळ काही कळतं.

आज आपण १९५८ सालचा ‘ड्रॅक्युला’ हा ब्रिटिश चित्रपट घेणार आहोत. तिथून मागे जाऊन आपल्या वेताळापर्यंत पोहोचू, मग पुढे येऊन मुंबईच्या रामसे बंधूंपर्यंत आणि शेवटी ‘तुम्बाड’पर्यंत. वाट लांबची आहे, पण प्रत्येक मुक्कामावर आपण एकच गोष्ट विचारायची: राक्षसाचा पत्ता काय?

थेम्सकाठचा बंगला

हॅमर ही १९३४ साली निघालेली एक छोटी ब्रिटिश कंपनी. हाइंड्स आणि कॅरेरास या दोन घराण्यांचा हा धंदा, बापानंतर मुलगा असा चाललेला. मोठा स्टुडिओ परवडत नसे, म्हणून या मंडळींनी विंडसरजवळ ब्रे इथे, थेम्सच्या काठावरचा ‘डाउन प्लेस’ नावाचा जुना बंगला घेतला आणि त्यालाच स्टुडिओ केलं. बंगल्याच्या खोल्या, बाहेरची बाग, सगळं चित्रीकरणात कामाला यायचं. भिंतींना नवा रंग द्यायचा, पडदे बदलायचे, खांब इकडचे तिकडे करायचे, की पुढच्या सिनेमाचा सेट तयार. काटकसरीचा संसार होता, पण नीटनेटका. १९५७ मध्ये त्यांचा ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ जोरात चालला आणि पुढच्याच वर्षी ‘ड्रॅक्युला’ आला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथा जिमी सँग्स्टर, संगीत जेम्स बर्नार्ड. ड्रॅक्युला झाले ख्रिस्तोफर ली, आणि त्याच्या पाठीशी लागलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग म्हणजे पीटर कुशिंग. सिनेमाची लांबी जेमतेम ८२ मिनिटं.

रक्तपिपासू उमराव पडद्यावर त्याआधीही आला होता. १९२२ साली मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाने ‘नोस्फेरातू’ केला. मूळ कादंबरीचे हक्क घेतले नव्हते, तेव्हा लेखकाच्या विधवा पत्नीने दावा लावला आणि सिनेमाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तरी काही प्रती वाचल्या. १९३१ मध्ये हॉलिवुडमध्ये बेला लुगोसीचा ड्रॅक्युला आला. हे सगळं कृष्णधवल होतं, आणि कृष्णधवल सिनेमात रक्त काळं दिसतं. हॅमरने ते लाल दाखवलं. इंग्लंडमधल्या कित्येक समीक्षकांनी नाकं मुरडली आणि प्रेक्षकांनी रांगा लावल्या. सेन्सॉरने फक्त प्रौढांसाठीचं ‘एक्स’ प्रमाणपत्र दिलं, तेही काही जागा कापून. त्यातला काही भाग तब्बल अर्ध्या शतकानंतर, २०११ मध्ये, टोकियोच्या चित्रपट संग्रहातल्या एका जुन्या जपानी प्रतीत सापडला.

आता यातला ड्रॅक्युला कसा आहे ते बघा. हार्कर नावाचा तरुण त्याच्या किल्ल्यात ग्रंथपाल म्हणून येतो. किल्ला स्वच्छ आहे, कोळिष्टकं नाहीत, पाहुण्यासाठी जेवण मांडून ठेवलेलं आहे. जिन्याच्या वरच्या टोकाला एक उंच काळी आकृती दिसते, आणि आपण घाबरायच्या तयारीत असतानाच ती झपाझप खाली उतरते आणि एखाद्या जमीनदाराने नव्या कारकुनाची विचारपूस करावी तशी अदबीने बोलू लागते. प्रवास कसा झाला, तुमची खोली इकडे, वगैरे. हार्करशी होणारं हे बोलणं संपलं, की ड्रॅक्युला उरलेल्या सबंध सिनेमात एक शब्द बोलत नाही. त्याला काही पटवून द्यायचं नाही, काही विचारायचं नाही. जे हवं ते घ्यायचं आहे. हे त्याचं गप्प बसणं लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे तळघर. हार्कर मरतो. त्याची वाग्दत्त वधू ल्यूसी रात्री खिडकी उघडी ठेवून ड्रॅक्युलाची वाट बघत असते, तीही जाते. मग ड्रॅक्युला तिच्या भावजयीकडे, मीनाकडे वळतो. व्हॅन हेल्सिंग आणि मीनाचा नवरा आर्थर रात्रभर घराबाहेर पहारा देतात. एकही खिडकी नजरेआड होऊ देत नाहीत. तरी सकाळी मीना रक्तबंबाळ सापडते. मग मोलकरीण सहज बोलून जाते, की बाईसाहेबांनी तळघरात जाऊ नको म्हणून सांगितलंय. ते ऐकताच व्हॅन हेल्सिंग धावतो. ड्रॅक्युलाची शवपेटी त्याच घराच्या तळघरात आणून ठेवलेली असते. पुरुष मंडळी बाहेर पहारा करत होती आणि राक्षस खाली होता. दार आतल्या माणसानेच उघडलेलं होतं.

आमच्या मते सबंध सिनेमाचं मर्म या एका प्रसंगात आहे.

जहाज गाळलं, आणि काय झालं

मूळ कादंबरीत असं नाही. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. स्टोकर पेशाने लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक, थोर नट हेन्री आयर्विंगचा उजवा हात. त्याच्या कादंबरीतला ड्रॅक्युला युरोपच्या पूर्व टोकाकडून आपल्या मातीच्या पेट्या घेऊन जहाजाने इंग्लंडला येतो. व्हिटबीच्या बंदरात जहाज लागतं तेव्हा त्यावर जिवंत माणूस उरलेला नसतो. साल लक्षात घ्या. साम्राज्य ऐन भरात होतं, अर्ध्या जगाचा माल लंडनच्या गोदीत उतरत होता, आणि त्याच लंडनला भीती कसली, तर पूर्वेकडून कोणीतरी आपल्याच जहाजमार्गाने येईल आणि आपण इतरांचं जे केलं ते आपलं करेल. राक्षसाचा पत्ता समुद्रापार.

१९५८ च्या सिनेमात जहाज नाही, समुद्र नाही, इंग्लंडही नाही. कारण साधं आहे: पैसे नव्हते. सँग्स्टरने सगळी कथा मध्य युरोपात बसवली. ड्रॅक्युलाचा किल्ला आणि आर्थरचं घर यांच्यात घोडागाडीच्या काही तासांचं अंतर आणि मध्ये सरहद्दीची एक चौकी, बस. पण काटकसरीने केलेल्या या बदलाने अर्थ पालटला. परका येतो आणि आपल्याला नासवतो, ही गोष्ट मागे पडली. शेजारचा जमीनदार रात्रीत येतो, त्याला घरातूनच आमंत्रण मिळतं, आणि तो तळघरात मुक्काम करतो, ही गोष्ट उरली. १९५८ चं ब्रिटन बघा. हिंदुस्थान जाऊन ११ वर्षं झालेली, सुएझची नामुष्की दोन वर्षांपूर्वीची. परक्या आक्रमकाच्या गोष्टीपेक्षा आपल्याच घरात काय कुजतंय ही गोष्ट तिथे जास्त लागू पडावी, यात आम्हाला नवल वाटत नाही.

बर्टनने निवडलेला एक शब्द

आता इकडे येऊ. रिचर्ड बर्टन हा इंग्रज १८४२ मध्ये कंपनीच्या सैन्यात नोकरीला म्हणून मुंबईत उतरला. भाषांचा त्याला जबरदस्त नाद. इथे त्याने ज्या देशी भाषांच्या परीक्षा दिल्या, त्यांत आपली मराठीही होती. पुढे अरेबियन नाइट्सचा अनुवादक म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. या बर्टनने १८७० साली आपल्या वेताळपंचविशीतल्या काही कथा इंग्रजीत आणल्या. अनुवाद म्हणण्यापेक्षा त्याने त्या आपल्या मनाने रंगवून सांगितल्या. २५ पैकी ११ च घेतल्या. आणि ‘वेताळ’ या शब्दासाठी त्याने थेट पुस्तकाच्या नावातच ‘व्हँपायर’ हा शब्द वापरला. वेताळ झाडाला उलटा लटकतो, वटवाघूळही उलटं लटकतं. १८९३ मध्ये बर्टनच्या पत्नीने काढलेल्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर वेताळ म्हणजे एक प्रचंड वटवाघूळ, अशी ओळखच करून दिली आहे.

स्टोकर आणि बर्टन यांची गाठ आयर्विंगमुळे पडली होती. स्टोकरने पुढे आयर्विंगच्या आठवणी लिहिल्या, त्यांत बर्टनचं वर्णन आहे. बोलताना त्याचा वरचा ओठ उचलला जायचा आणि सुळा चमकायचा, हे स्टोकरच्या मनात पक्कं बसलेलं होतं. म्हणून ड्रॅक्युला आपल्या वेताळापासून जन्मला, असं कोणी अभिमानाने सांगू लागलं तर मात्र लगेच माना डोलवू नका. स्टोकरची टिपणं आज उपलब्ध आहेत, आणि त्याने ट्रान्सिल्व्हेनियाच्या लोकसमजुतींवरचं आणि वालाकियाच्या इतिहासावरचं लिखाण वाचलं होतं हे त्यांतून स्पष्ट दिसतं. सगळं काही मूळ आपलंच, हा आजार वेगळा आहे आणि त्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागेल.

आम्हाला रस आहे तो त्या शब्दात. कारण वेताळ रक्त पीत नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागरापासून हा वेताळ आपल्याला माहीत आहे. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८३० साली ‘वेताळपंचविशी’ आणली, म्हणजे छापील मराठी गद्याच्या अगदी बाल्यावस्थेत. आपल्यातल्या बहुतेकांनी तो ‘चांदोबा’त पाहिला, आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांनी आणला तेव्हा सज्जन यांच्या रूपात पाहिला. हा वेताळ करतो काय? राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. अट अशी, की उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मौन मोडलं म्हणून मी परत झाडावर. प्रश्नही साधे नसतात. दोष कोणाचा? खरा हक्कदार कोण? मोठा त्याग कोणाचा? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही जे प्रश्न फळ्यावर लिहीत होतो, ते हे मढ्यातलं भूत स्मशानाच्या वाटेवर विचारतं.

ड्रॅक्युला गप्प बसतो आणि घेतो. वेताळ घेत काहीच नाही, तो बोलायला लावतो. एका शब्दाने या दोघांना एका दावणीला बांधलं.

वेतोबाच्या चपला

कोकणात तर वेताळ देव आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा आपल्यातल्या सिंधुदुर्गवाल्यांना सांगायला नको. जयवंत दळवींचं गाव ते. उंच, दोन हातांची, माणसासारखी उभी मूर्ती. नवस फेडताना त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. चपला कशाला, तर तो रात्री गावाची गस्त घालतो आणि चालून चालून त्या झिजतात. गोव्यात आमोण्याला, पैंगीणला वेताळाची देवळं आहेत, तिथेही तो गावचा राखणदार.

म्हणजे त्याचा पत्ता गावची वेस. भयंकर आहे, पण आपल्या बाजूचा आहे. भीती आणि आसरा एकाच मूर्तीत ठेवण्याची ही रीत आम्हाला फार शहाणपणाची वाटते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या कितीतरी घरांत देव्हाऱ्यापाशी या वेतोबाची तसबीर आहे. माणसं उपनगरात आली, राखणदाराला बरोबर घेऊन आली. ज्या जगात त्याची गस्त होती ते जग मात्र मागे राहिलं.

लॅमिंग्टन रोड ते महाबळेश्वर

मग मुंबईच्या सिनेमाने राक्षस आणला कुठून? इथे रामसे येतात. फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ म्हणता येईना, त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं आणि हळूहळू सिनेमाच्या धंद्यात शिरलं. पदरी सात मुलगे. १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ हा त्यांचा मोठा चित्रपट, त्यात पृथ्वीराज कपूर आणि सुरैया. १९७० मध्ये त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो आपटला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, पोलिसांच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. तुलसी आणि श्याम हे भाऊ थिएटरात जाऊन बसले तेव्हा त्यांना दिसलं, की लोक या एका प्रसंगासाठी येताहेत आणि तो झाला की त्यांचा सिनेमातला रस संपतो. मुलांनी वडिलांना सांगितलं, सगळा सिनेमाच असा करू या.

आता गंमत पाहा. या दोन्ही सिनेमांचे दिग्दर्शक कोण? विश्राम बेडेकर. ‘रणांगण’ लिहिणारे. १९३९ च्या त्या छोट्या कादंबरीत युरोपातून निघालेली बोट आहे आणि तिच्यावर नाझींच्या तडाख्यातून सुटलेले ज्यू निर्वासित आहेत. शतकातलं सगळ्यात खरं भय ज्या मराठी लेखकाने इतक्या लवकर पाहिलं, त्याच्याच दिग्दर्शनातल्या एका पडलेल्या सिनेमाच्या प्रसंगातून हिंदी भयपटाचा धंदा सुरू व्हावा, हा योगायोग आहे. पण मराठी वाचकाने तो ठाऊक करून घ्यावा असा आहे.

वडिलांनी मुलांना काश्मीरला एका हाउसबोटीत नेऊन ठेवलं आणि जोसेफ मॅसेलीच्या छायाचित्रणावरच्या पाठ्यपुस्तकाची पारायणं करायला लावली, असं सांगतात. मग कामं वाटली: गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, कुमार लेखनाला, केशू पडेल त्या कामाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला उतरून झपाट्याने पुरा केला. घरच्या बायकाही बरोबर होत्या, युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडे. सेट लावण्यापेक्षा जुने वाडे, डाकबंगले, मुरुडच्या नवाबाचा राजवाडा असं जे मिळेल ते वापरायचं. थेम्सकाठच्या त्या बंगल्याची आठवण झाली ना? दोन घराणी, दोन्हीकडे काटकसर, दोन्हीकडे जुन्या घराचं भांडवल. लाल-निळे दिवे आणि धूर तर रामसेंनी हॅमरकडूनच उचलला.

आणखी एक धागा. १९९८ मध्ये ख्रिस्तोफर ली यांनी ‘जिना’ या चित्रपटात महंमद अली जिनांची भूमिका केली. चित्रीकरण कराचीत झालं. ड्रॅक्युला करणारा नट कायदे-आझम कसा होऊ शकतो, म्हणून तिथे गदारोळ उठला. ज्या शहरातून रामसे कुटुंबाला निघावं लागलं, त्याच शहरात त्यांचा आदर्श राक्षस राष्ट्रपिता होऊन उभा राहिला!

काळी पहाडी

आमच्या पिढीला उपनगरांतली एकपडदा थिएटरं आठवतात. मुलुंडचं मेहुल, घाटकोपरचं ओडियन, बोरिवलीचं जया. लाकडी खुर्च्या, पुढच्या रांगांतून येणाऱ्या शिट्ट्या. रामसेंचा सिनेमा हा अशा थिएटरांचा आणि लहान गावांचा सिनेमा. प्रतिष्ठित मंडळी त्याकडे बघत नसत आणि त्याचं काही अडत नसे. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ धो धो चालला. १९९० चा ‘बंद दरवाजा’ म्हणजे तर उघडउघड हॅमरच्या ड्रॅक्युलाची मुंबई आवृत्ती. काळा अंगरखा, शवपेटी, सुळे, सगळं तेच. अनिरुद्ध अगरवाल हे उंचेपुरे नट दोन्हीकडे राक्षस. फरक असा, की हॅमरचा व्हॅन हेल्सिंग ड्रॅक्युलाचं वटवाघूळ होतं ही भाकडकथा म्हणून झटकून टाकतो, आणि रामसेंचा नेवला खुशाल वटवाघूळ होतो.

या दोन्ही सिनेमांची कथा थोडक्यात अशी. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी नावाच्या राक्षसाला राजा देहदंड देतो, धड आणि मस्तक वेगळं ठेवतात. मरताना तो शाप देतो, की या घराण्यातली बाई बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी तो शाप ठाकुराच्या मुलीच्या वाट्याला येतो. ‘बंद दरवाजा’मध्ये मूल होत नाही म्हणून पिचलेली ठाकुराची बायको मोलकरणीच्या सांगण्यावरून काळ्या पहाडीवर नेवल्याकडे जाते. अट अशी, की मुलगी झाली तर ती त्याची.

यात खरं भय कोणाचं आहे हे ऐकताना कळलंच असेल. बाळंतपण, वांझपणाचे टोमणे, मुलगी होणं. राक्षस काढून घेतला तरी ही भीती ज्यांच्या घरात होती त्या बाया प्रेक्षागृहात बसलेल्या होत्या. हे श्रेय रामसेंना दिलं पाहिजे. इंग्रजी साचा घेऊन त्यांनी त्यात इथलं दुःख भरलं.

पण एक मोठी अदलाबदल झाली, आणि आजच्या व्याख्यानाचा मुद्दा तो आहे. ड्रॅक्युला कोण होता? उमराव. किल्ल्याचा मालक. रक्त पिणारा हा जमीनदार वर्गातला होता, आणि म्हणूनच मार्क्सला १८६७ मध्ये भांडवल श्रमिकाचं रक्त पितं हे सांगताना हाच प्राणी आठवला. आपल्या भाषेलाही हे ठाऊक आहे. आपण ‘शोषण’ म्हणतो, त्या शब्दाचा अर्थच शोषून कोरडं करणं. सावकार रक्त पितो, असं आपल्या खेड्यात कोणीही म्हणेल. मग मुंबईच्या सिनेमात काय झालं? जमीनदार, म्हणजे ठाकूर, हा बिचारा बळी झाला. त्याच्या हवेलीवर संकट आलं. आणि राक्षस राहायला गेला काळ्या पहाडीवर, गावाबाहेर, रानात. काळा, केसाळ, अघोरी विद्या करणारा. त्याच्या साथीला कोण, तर मोलकरीण आणि मांत्रिक. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्यासारखं दिसणारं कोणीतरी हवेलीवर चालून येतं, आणि आपण प्रेक्षक श्वास रोखून हवेलीच्या बाजूने बसतो. सामरीचा दोष नव्हता असं आम्ही म्हणत नाही. पण त्या राजाच्या हातून दोनशे वर्षांत दुसरं काही वाईट घडलंच नसेल का, हा प्रश्न सिनेमा एकदाही विचारत नाही. वेताळाने नक्की विचारला असता.

घराखालचं

कोकणात ठाकूर नव्हते, खोत होते. सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला, साऱ्याचा मालक. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. या मधल्या काळात आणि त्याच्याही आधीपासून किती माणसं बोटीने, पायी, मिळेल तशी मुंबईला आली, गिरणीत लागली आणि पुढे त्यांची मुलं-नातवंडं मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या कडेने पसरत गेली, हा इतिहास आपल्या घराघरांतला आहे. इथे बसलेल्यांत खोतांची नातवंडं असतील आणि कुळांचीही असतील. दोघांच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

मराठीत नारायण धारपांनी भयकथेला फार मोठा वाचक मिळवून दिला. स्टीफन किंगची व्हँपायरची कादंबरी त्यांनी ‘लुचाई’त मराठी मुलुखात आणून वसवली. त्यांचं ऋण मानणाऱ्या राही अनिल बर्वे यांनी २०१८ मध्ये ‘तुम्बाड’ केला. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे हे नाव मराठी कानांना परिचयाचं. सिनेमाची कथा वेगळी आहे: पावसात भिजत पडलेला एक वाडा, त्याच्याखाली गर्भासारखी जागा, तिथे हस्तर. सोन्याचा लोभी, अन्नाचा भुकेला, शापित. आणि पिढी दर पिढी एक ब्राह्मण कुटुंब खाली उतरतं, त्याला कणकेची बाहुली दाखवतं आणि त्याच्या सोन्याच्या मोहरा चोरतं. बाप मुलाला ही विद्या शिकवतो. काळ आहे १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंतचा. म्हणजे बाहेर देश बदलतोय, आणि खाली तेच चाललंय. २०२४ मध्ये हा सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

आमच्या दृष्टीने इथे राक्षसाचा पत्ता परत एकदा बरोबर लिहिला गेला. तो समुद्रापार नाही, काळ्या पहाडीवर नाही. १९५८ च्या त्या सिनेमात तो जिथे सापडला होता, तिथेच आहे. घराच्या खाली. ज्यांचं घर, त्यांनाच तिथे जायचा रस्ता माहीत.

आपल्यातल्या अनेकांचं गावाला एक बंद घर आहे. गणपतीला, शिमग्याला उघडायचं, झाडून घ्यायचं, पुन्हा कुलूप. त्या घराच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, आधी कोणाचं होतं, ते कधी आणि कसं गेलं, शेजारचा तुकडा कोण कसत होतं, या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतात आणि ती बोलत नाहीत. वाटण्यांच्या वेळी भांडणं होतात, तेव्हा त्यातलं थोडंसं बाहेर येतं, मग दार पुन्हा लागतं. आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांना तर हा विषय टाळण्याचा चांगला सराव झालेला आहे. मुलं-नातवंडं विचारतात, तेव्हा आपण त्यांना वेतोबाची गोष्ट सांगतो, तीही छान असते.

भयपट बघून मुलं बिघडतात का, असं आम्हाला पुष्कळदा विचारलं जातं. त्यापेक्षा ती विचारतील त्याचं सरळ उत्तर द्यायची तयारी करू या. गावच्या जमिनीचं, घराण्याच्या मोठेपणाचं, घरातल्या ज्या बाईचं नाव कोणी घेत नाही तिचं. कारण ड्रॅक्युलाशी गाठ पडली तर क्रूस आहे, सूर्यप्रकाश आहे, काहीतरी उपाय आहे. वेताळाची अट जास्त कडक आहे. उत्तर माहीत असूनही जो गप्प राहतो, त्याचीच तिथे धडगत नसते.

वेळ झाली आहे. आता आपले प्रश्न घेऊ.